आधी माणूस बसव, मग गाडी काढ

पत्र: मी कोल्हापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांचं उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामासाठी वाळूत दाबायचे नमुने बनवायचं. शाळेत असल्यापासून वह्यांच्या मागच्या पानांवर गाड्याच काढत आलोय. सहा आठवड्यांनी कॉलेजात प्रदर्शन आहे. तिथे '२०४० ची कोल्हापूरची गाडी' मांडायची आहे. माझं डिझाइन असं: इलेक्ट्रिक, चार सीट, उंची ११५० मिलिमीटर, २४ इंची चाकं, वर उघडणारे दरवाजे, छप्पर पूर्ण काचेचं आणि स्टिअरिंग नाही, गाडी आपली आपण चालणार. सरांनी चित्र बघून "खेळणं आहे" म्हटलं. वडील म्हणतात, चित्रं पुरेत, व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, प्रोग्रॅमिंग शीक. मॉडेल कसं करू? हाताशी आठ हजार रुपये आहेत. आणि गाड्या स्वतःच चालायला लागल्या तर कार डिझाइनमध्ये पुढे काही उरणार आहे का?
– उद्यमनगरातला एक वाचक

उत्तर:

तुझं चित्र खेळणं नाही. फक्त त्या गाडीत अजून कोणी बसलेलं नाही, आणि सरांना बहुतेक तेच खटकलं असणार.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते. ती जवळून बघितली असशील. बॉनेट केवढं लांब, पुढचं चाक पार पुढे, माणसं पार मागे. ती ऐट कुणी आधी कागदावर काढून मग इंजिन कोंबलं नव्हतं. त्या काळातली मोठी इंजिनं लांब असायची, पुढच्या आसाच्या मागे बसवली जायची, त्यांच्यामागे ड्रायव्हर. आतली मांडणी तशी होती म्हणून बाहेरचा डौल तसा आला. कॉन्सेप्ट कारचंही, म्हणजे उद्याची कल्पना दाखवायला केलेल्या गाडीचंही, तेच. पहिली कॉन्सेप्ट कार म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती १९३८ ची ब्यूक वाय-जॉब. जनरल मोटर्सच्या हार्ले अर्लने ती करवून घेतली आणि पुढे कित्येक वर्षं स्वतः रस्त्यावर वापरली. झाकता येणारे दिवे, विजेवर चालणाऱ्या काचा असं भविष्यातलं बरंच तिच्यात होतं, पण माणूस आत बसत होता.

"११५० मिलिमीटरच्या आतही गाड्या झाल्यात की," असं तू म्हणशील. झाल्यात. १९७० ची लान्सिया स्ट्रॅटोस झिरो तर ८४ सेंटिमीटरच उंच होती. आत शिरायला समोरची काच उचलावी लागे आणि दोघंजण जवळपास आडवे होऊन बसत. इंजिन पाठीमागे होतं, बुडाखाली काही नव्हतं. तुझ्या गाडीत चार माणसं आहेत आणि त्यांच्या बुडाखाली बॅटरी आहे. म्हणून आता कागदावर एक उभी रेघ मार आणि जमिनीपासून मोजत वर ये.

जमीन ते गाडीचं पोट: आपल्या रस्त्यांना १८० मिलिमीटर धर. त्याच्यावर बॅटरी आणि तिच्यावरचा मजला मिळून १५०. आता टाच मजल्यावर टेकली. टाचेपासून खुब्याच्या सांध्यापर्यंत, साधं बसणं असेल तर ३००. हा खुब्याचा बिंदू गाडी डिझाइनमधला सगळ्यात महत्त्वाचा बिंदू आहे. गाड्यांच्या डिझाइन स्टुडिओत त्याला एच-पॉइंट म्हणतात आणि बाकी सगळी मापं त्याच्यापासून निघतात. तिथून छताच्या आतल्या कापडापर्यंत, उंच माणसाचं डोकं आणि वर थोडी जागा धरून, ९००. छताची जाडी ४०. बेरीज कर: १८० + १५० + ३०० + ९०० + ४० = १५७०. तू ११५० काढलेत. म्हणजे ४२० मिलिमीटर माणूस छताच्या बाहेर आलाय.

हे ४२० कुठून आणायचे, हा प्रश्न कल्पकतेचा आहे. पोट खाली आणलंस तर पहिल्याच स्पीड ब्रेकरला बॅटरीचा खालचा पत्रा घासणार, तिथे हात लावू नकोस. टाच ते खुबा १५० वर आणता येतं, पण मग पाय पुढे लांब करून बसावं लागतं. गाडी तेवढी लांबते आणि मागच्या माणसाचे गुडघे नाकाशी येतात. पाठ मागे कलवून आणखी थोडे मिळतात. बॅटरी सरकवून मिळतात ते मात्र खरे: १९९६ च्या जनरल मोटर्स ईव्ही-वनमध्ये बॅटरी टी आकारात, दोन सीटच्या मधल्या बोगद्यात आणि मागे होती. त्यामुळे माणसं खाली बसू शकली, पण गाडी दोन सीटचीच राहिली. पोर्शने टायकानमध्ये मागच्या प्रवाशांच्या पायाखालचे बॅटरीचे मोड्यूल काढून तिथे पायांसाठी खड्डे ठेवले. तुझी स्वतःची युक्ती याच जातीची हवी. मापाच्या भिंतीला कुठे दार पाडता येतं ते शोध. भिंतच नाही असं धरून चित्र काढलं की बघणाऱ्याला ते जाणवतं, का ते सांगता आलं नाही तरी.

चाकांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे चूक नेहमीचीच असते. कॉन्सेप्ट कार रुबाबदार दिसते त्याचं निम्मं श्रेय चाकांना असतं: दोन आसांमधल्या अंतरात, म्हणजे व्हीलबेसमध्ये, तिची जेमतेम तीन चाकं मावतात. रस्त्यावरच्या टाटा नेक्सॉनचा व्हीलबेस २४९८ आणि २१५/६० आर १६ टायरचा (रुंदी २१५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंची) बाहेरचा व्यास साधारण ६६४; म्हणजे पावणेचार चाकं. तुझं २४ इंची चाक २७५/३० च्या टायरसह ७७५ मिलिमीटर होतं, गाडीच्या उंचीच्या दोन तृतीयांश. पुढचं चाक ३८ अंश वळलं की त्याची मागची कड जवळपास २४० मिलिमीटर आत येते, नेमकी पाय ठेवायच्या जागी. वर टायरची भिंत फक्त ८२ मिलिमीटर, खड्ड्यात पहिला मार रिमला. मोठं चाक हवंच असेल तर ते अरुंद कर. २०१३ च्या बीएमडब्ल्यू आय-थ्रीला १५५/७० आर १९ टायर होते: बाहेरचा व्यास ७००, रुंदी फक्त १५५, आणि टायरची भिंत १०८. उंच, सडपातळ चाक. दिसायलाही वेगळं, वळायलाही सोपं. माणसं जास्त बसवलीस तर भारासाठी रुंदी १९५ पर्यंत न्यावी लागेल, व्यास तोच ठेव.

काचेचं छप्पर आणि वर उघडणारे दरवाजे यांवर फार थांबत नाही. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. दोन चौरस मीटरचं ५ मिलिमीटर जाड छत २५ किलो झालं, आणि तेही गाडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला, तेवढाच ०.७ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा ११ किलोचा. एप्रिलच्या दुपारी आत बसलेल्याचे हाल निराळेच. वरचे दरवाजे आपल्या पावसाळ्यात उघडले की छतावरचं पाणी सरळ सीटवर. मर्सिडीजने एसएलएसला तसे दरवाजे दिले, तेव्हा गाडी उलटली तर बिजागऱ्या तोडायला छोटे स्फोटक बोल्ट बसवावे लागले. तू ते ठेवणार असशील तर त्याचं उत्तरही मॉडेलशेजारी मांडायला हवं.

आता स्टिअरिंग. इथे तुझ्या पत्रातला खरा प्रश्न आहे.

स्टिअरिंग नसलेलं भविष्य खूप जुनं आहे. १९५६ मध्ये जनरल मोटर्सने फायरबर्ड-२ दाखवली, तेव्हा कल्पना अशी होती की महामार्गात तार पुरलेली असेल आणि गाडी तिचा माग धरून आपली आपण जाईल. दोनच वर्षांनी फायरबर्ड-३ मध्ये गोल स्टिअरिंगच्या जागी एक दांडा आला. जनरल मोटर्सच्याच २००२ च्या हाय-वायरमध्ये सगळी यंत्रणा सपाट तळात गेली आणि चालवणं विजेच्या तारांवर आलं. आणि अगदी अलीकडे, २०२० मध्ये मोठ्या गाजावाजात दाखवलेली क्रूझ ओरिजिन ही बिनस्टिअरिंगची गाडी २०२४ मध्ये बाजूला ठेवली गेली. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये २०२० पासून वेमो कंपनीच्या गाड्या ड्रायव्हरशिवाय लोकांना ने-आण करतात. त्या गाड्यांमध्ये स्टिअरिंग मात्र जागेवर आहे.

म्हणून "गाडी आपली आपण चालणार" एवढंच लिहून भागणार नाही. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवून दिल्या. पाचवी म्हणजे कुठेही, कशाही हवेत, माणसाशिवाय. चौथी म्हणजे माणसाशिवायच, पण ठरवून दिलेल्या हद्दीत: हे रस्ते, एवढा वेग, असं हवामान. तिसरीत गाडी चालवते पण बोलावलं की माणसाने हजर व्हायचं. जर्मनीत मर्सिडीजला तिसऱ्या पातळीची परवानगी मिळाली ती आधी ताशी ६० किलोमीटरपर्यंत, आणि नियमात माणसाला ताबा घ्यायला १० सेकंद दिलेत. ताशी ६० ने १० सेकंदांत गाडी १६७ मीटर पुढे जाते. डिझायनरने यातून काय घ्यायचं? तिसऱ्या पातळीच्या गाडीत सीट पूर्ण आडवी करता येणार नाही, टेबल मांडीवर अडकवता येणार नाही, कारण १० सेकंदांत हात आणि पाय जागेवर यायला हवेत. पातळी बदलली की आतली सगळी खोली बदलते.

आता हेच कोल्हापूरला लावून बघ. साताऱ्याकडून येणारा महामार्ग दुभाजकाचा, लेन आखलेला. तिथे चौथी पातळी कल्पनेत बसते. शिरोली ओलांडून कावळा नाक्याकडे आलास की रिक्षा, मोपेड, उलट्या बाजूने येणारा टेम्पो. गगनबावड्याच्या घाटात जुलैमधलं धुकं: कॅमेऱ्याला पुढचं वळण दिसत नाही, लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडारचा प्रकाश थेंबांवरच विखुरतो, रडारच तेवढं आरपार बघतं. आणि गाळप हंगामातली रात्र. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या आहेत, ट्रॅक्टरवाला पंक्चर काढायला गेलाय. मोळ्यांची टोकं दोन-तीन फूट मागे निघालेली, त्यांच्याखाली मागचा दिवा असलाच तर झाकलेला, रिफ्लेक्टरवर चिखल. कॅमेऱ्याला 'वाहनाची मागची बाजू' म्हणून ओळखावी अशी चौकटच दिसत नाही. रडारचं दुखणं वेगळं: ड्रायव्हरला मदत करणाऱ्या अनेक प्रणाली थांबलेल्या वस्तूंवरून परत आलेल्या लहरी गाळून टाकतात, नाहीतर प्रत्येक पूल आणि प्रत्येक फलक त्यांना अडथळा वाटेल. उभी ट्रॉली त्याच गाळणीत जाते. आपल्या भागात माणसंसुद्धा या ट्रॉल्यांवर आदळून जीव गमावतात. २०४० ची कोल्हापूरची गाडी जो काढेल त्याने या ट्रॉलीचं उत्तर दिलं पाहिजे. ते दिलंस तर तुझ्या फलकापुढे लोक थांबतील.

माझा सल्ला: महामार्गापुरती चौथी पातळी ठेव आणि स्टिअरिंग डॅशबोर्डमध्ये मागे सरकणारं कर. स्टिअरिंग आणि चाक यांच्यात लोखंडी दांडा नसेल, नुसती विजेची तार असेल, तर ते जमतं. २०१३ च्या इन्फिनिटी क्यू-फिफ्टीमध्ये तसं होतं, वीज गेली तर जोडणारा यांत्रिक क्लच राखून ठेवलेला. फलकावर एका वाक्यात लिही की ही गाडी कोणत्या रस्त्यावर, किती वेगापर्यंत, कोणत्या हवेत स्वतः चालते आणि कुठे ताबा परत देते. हे वाक्य लिहिता येत नसेल तर डिझाइन अजून ठरलेलं नाही असं समज.

आणि ही गाडी कोणासाठी? पत्रात ते कुठेच नाही. चार सीटची बुटकी स्पोर्ट्स कार जगात कुठेही काढली जाते, त्यात कोल्हापूर नाही. मला विचारशील तर वडाप काढ, सीटवारी माणसं नेणारी गावोगावची गाडी. गावातून सकाळी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पाळीला येणारी पोरं, बाजाराला निघालेली म्हातारी, दवाखान्याला निघालेलं जोडपं, पायाशी दुधाचा कॅन. आपल्याकडे खरी सामायिक गाडी तीच आहे, आणि तिच्याकडे डिझायनर म्हणून कुणी बघितलेलंच नाही.

मापं बघ, किती छान जुळतात. टाच ते खुबा ३५० कर, म्हणजे खुर्चीसारखं ताठ बसणं. खुबा जमिनीपासून ६८० वर येतो: म्हातारीला ना खाली बसावं लागत ना वर चढावं लागत, ती नुसती सरकते. मजला ३३० वर. शहरातल्या लो-फ्लोअर बसचा ४०० असतो. एकूण उंची १६२०. लांबी चार मीटरच्या आत ठेव. तेवढ्यात तीन रांगा बसतात हे रेनॉ ट्रायबरने दाखवलंय: लांबी ३९९०, व्हीलबेस २६३६. तू सहाच माणसं घे आणि उरलेल्या जागेत पोती नि कॅन. दूध संस्थेवरचा ४० लिटरचा कॅन स्वतः टेपने मोजून आण, त्याच्या घेरावरून दोन सीटमधली वाट ठरव. मजल्याला रबर आणि पाणी निघायला मोरी. दार सरकतं कर, पण एक लक्षात ठेव: दार जेवढं रुंद, तेवढीच सरळ जागा त्याच्या मागे रुळाला लागते. ७०० चं दार म्हणजे मागे ७०० पर्यंत बॉडी वरून बघताना सरळ हवी. तिथेच शेपूट आत निमुळती केलीस तर रूळ वाकतो आणि दार बॉडीला घासतं.

पुढच्या शिक्षणाचं उरकतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना सीईईडी ही डिझाइनच्या एम.डेस.ची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची, प्रवेशपरीक्षा देता येते. तिच्यावर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागामध्ये मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइनचा एम.डेस. आहे. एनआयडीचा ट्रान्सपोर्टेशन अँड ऑटोमोबाइल डिझाइनचा एम.डेस. गांधीनगरला, त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी. दोन्हीकडे सुबक रंगवलेल्या वीस गाड्यांपेक्षा एका गाडीचा प्रवास मोलाचा ठरतो, चुकलेले टप्पे धरून. सरावासाठी २०२२ चा महिंद्राचा बीई झिरो फाइव्ह कॉन्सेप्ट आणि २०२४ मध्ये आलेली बीई सिक्स यांचे एकाच कोनातले फोटो शेजारी ठेव आणि काय बदललं त्याची यादी कर: चाकं, आरसे, दाराच्या कड्या, काचेची रेघ. संगणकावर सुरुवात ब्लेंडर या सॉफ्टवेअरने कर, फुकट आहे. स्टुडिओंमध्ये ऑटोडेस्क कंपनीचं एलियस चालतं आणि ती कंपनी विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना मोफत देते.

गाड्या आपल्या आपण चालल्या तर काम उरेल का? उलट आतलं काम वाढेल. ड्रायव्हरचं तोंड पुढेच हवं, सीट तिथेच हवी, ही शंभर वर्षांची सक्ती सैल होते आहे. बसायचं कसं, चढायचं कसं, अनोळखी सहा जणांनी एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे न लावता प्रवास कसा करायचा, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून काढायचंय. आणि वडिलांचं व्हीएमसी? स्टुडिओमध्ये संगणकावरच्या आकृतीवरून क्लेचं मॉडेल मिलिंग मशीनवरच कापतात, मग माणसं त्यावर हात फिरवतात. म्हणजे वडील तुला त्याच रस्त्याचं दुसरं टोक दाखवतायत. शीक ते.

आता मॉडेल, सविस्तर.

प्रमाण १:८ घे. गाडी ५०० मिलिमीटर लांब, १७५० रुंदीची २१९, उंची २०२, व्हीलबेस २६४० चा ३३०. आणि पूर्ण गाडी करू नकोस. उभ्या आरशाला लावून अर्धीच कर. दुसरी अर्धी आरसा दाखवतो. स्टुडिओतली ही जुनी रीत आहे. क्ले निम्मी लागते, वेळ निम्मा, आणि डावी-उजवी बाजू सारखी करण्याची डोकेदुखी जाते. फक्त साध्या आरशात चांदी काचेच्या मागे असते, त्यामुळे मध्यभागी गाडी फुगल्यासारखी दिसते. ४ मिलिमीटरच्या आरशाला मॉडेल मध्यरेषेवर साधारण अडीच मिलिमीटर कमी कर, फुगवटा जातो.

पहिला आठवडा फक्त मापं आणि चित्रं. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर कागद लावून १:८ मध्ये बाजूचं, समोरचं आणि वरचं दृश्य काळ्या चिकटटेपने काढ, पेन्सिलने नको. टेप ओढली की सलग वळण आपोआप येतं, चुकलं तर उचलून परत लावता येते. तीन मीटर मागे जाऊन बघ. इथे जी रेघ लंगडते ती क्लेमध्ये दुप्पट लंगडते.

तिसऱ्यात सांगाडा. १८ मिलिमीटरचा प्लाय, ६०० बाय ३००, त्यावर आरसा गुण्याने तपासून काटकोनात. थर्माकोलपेक्षा निळा-गुलाबी एक्सपीएस फोम घे, दाणे सुटत नाहीत. अंतिम आकारापेक्षा सगळीकडे १२ मिलिमीटर आत काप. चिकटवायला फेव्हिकॉल लाव आणि रात्रभर ठेव. रबर सोल्यूशन किंवा थिनरचं काही लावलंस तर फोम विरघळून खड्डा पडतो. फोमला स्क्रू ड्रायव्हरने भोकं पाड, क्ले धरून राहते. १२ मिलिमीटर आत कापण्यात आळस केलास तर पाचव्या आठवड्यात घासताना मध्येच फोम वर येतो आणि तिथली सगळी बाजू खरवडून परत भरावी लागते.

क्ले कोणती? बापट कॅम्पातल्या मूर्तिकारांची शाडू डोळ्यासमोर येईल, पण ती इथे चालत नाही. शाडूतलं पाणी उडतं तशी ती आकसते, आतला फोम आकसत नाही, म्हणून तडे जातात. आणि वाळल्यावर सुधारता येत नाही. लहान मुलांची प्लॅस्टिसिन हाताच्या उबेनेच लिबलिबते, धार धरत नाही. हवी ती इंडस्ट्रियल स्टाइलिंग क्ले: मेण आणि तेलाची, गार झाली की साबणासारखी टणक, ५५ ते ६० अंशांना लोण्यासारखी. अर्ध्या मॉडेलला साडेतीन ते चार किलो पुरते. तुझ्या पैशांतला सगळ्यात मोठा वाटा हिच्यावर जाईल, जाऊ दे. खरवडलेला कीस परत तापवून वापरता येतो. तापवायला पत्र्याचा जुना तेलाचा डबा, आत १०० वॅटचा साधा बल्ब आणि थर्मामीटर. ६५ च्या वर गेलीस तर तेल सुटतं आणि क्ले ठिसूळ होते. घरातला स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नकोस. काही क्लेमध्ये गंधक असतं.

पहिला थर अंगठ्याने दाबत, फक्त २-३ मिलिमीटर. घाईने जाड गोळे थापलेस तर मागे हवा अडकते आणि दुपारी खोली तापली की तिथे फोड येतो. मग थरावर थर, अंतिम आकाराच्या ३-४ मिलिमीटर वर जाईपर्यंत. रात्रभर गार होऊ दे.

चौथा आणि पाचवा आठवडा खरवडण्याचा. हॅक्सॉ ब्लेडची दातेरी बाजू तिरकी धरून आधी एका दिशेने, मग तिला छेदून. एकाच दिशेने घासलंस तर लाटा पडतात आणि त्या शेवटपर्यंत जात नाहीत. दातांच्या खुणा नाहीशा करायला ब्लेडची सपाट बाजू घासून धार काढलेली. मोठ्या वळणाला अर्ध्या मिलिमीटरची स्प्रिंग स्टीलची पट्टी वाकवून.

इथे वडिलांना बोलाव. ३ मिलिमीटरच्या एमडीएफची टेम्पलेट त्यांच्याइतकी नेमकी तुला कापता येणार नाहीत: एक मध्यरेषेचं, एक पुढच्या चाकाच्या आसावर, एक दाराच्या खांबावर, एक मागच्या आसावर. त्यांना गाडीबद्दल काही विचारू नकोस, एवढंच विचार की हा आकार पॅटर्न असता तर वाळूतून निघाला असता का आणि पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ, कुठे आली असती. पत्रा दाबायच्या डायलाही हाच नियम लागतो. जिथे ते बोट ठेवून "इथं वाळू तुटणार" म्हणतील, तिथे तुझ्या गाडीचं पॅनेल डायमध्ये अडकणार आहे. दाराची काचही तशीच: ती खाली सरकायची असेल तर एकाच नळकांड्याचा तुकडा असल्यासारखी वळलेली हवी. दोन्हीकडून फुगवलेली काच दारात उतरत नाही.

चाकं लेथवर नायलॉनमधून काढून घे: व्यास ८७.५, रुंदी २४. चाक आणि बॉडीतली फट नीट ठेव. खऱ्या गाडीत स्प्रिंग दबते तेव्हा चाक वर येतं, त्याची जागा दिसली पाहिजे.

सहाव्या आठवड्यात पृष्ठभाग तपासायचा. खोलीत अंधार करून एकच लांब ट्यूबलाइट लाव, क्लेवर पाण्याचा बारीक फवारा मार आणि उजेडाची रेघ बॉडीवरून कशी पळते बघ. ती मध्येच तुटली किंवा अडखळली की तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे, बोटाला लागत नसला तरी. काचांना गाड्यांचं रॅपिंग करणाऱ्याकडचा काळ्या चकचकीत व्हिनाइलचा तुकडा, दारांच्या फटींना एक मिलिमीटरची काळी टेप. क्लेवर थेट ड्युको मारू नकोस. थिनर मेणात उतरतो आणि रंग कधी वाळतच नाही. मातकट रंगाची क्ले तशीच राहू दे, जाणत्याला तीच आवडते.

शेवटचं काम फोटोचं. उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १६०० मिलिमीटरवर असते, १:८ मध्ये २००. म्हणजे फोन टेबलापासून २० सेंटिमीटरवर धरायचा, दोन मीटर मागे जाऊन झूम करायचा. वरून काढलास तर कितीही मेहनत केली असलीस तरी खेळणंच दिसेल. प्रदर्शनातही टेबल उंच घे, मॉडेलचं छत बघणाऱ्याच्या हनुवटीशी येईल इतकं. आणि वडील आले की त्यांना आधी आरशाच्या बाजूने नको, दाराच्या बाजूने उभं कर.